फोनमधली शाळा

डोंगरावरच्या एका वाडीत हौसाबाई नावाची कासारीण राहायची. बाई मोठी खमकी. नवरा गेलेला, पदरी एकच लेक, गौतमी. वाडीतली शाळा सातवीला संपली, तशी पोरगी फोनवरच्या सरकारमान्य शाळेत शिकू लागली आणि नववीत पोचली. बाप नसलेल्या शिकत्या लेकराला सरकार मदत देतं. ती मिळाली नाही, तर पोरीला शाळा सोडून बांगड्यांची टोपली उचलावी लागणार होती.

हौसाबाई तालुक्याच्या कचेरीत गेली. साहेब म्हणाले, "सर्व्हर डाऊन आहे. आज ऑफिस बंद."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर! साहेबांनी कागद चाळले आणि ते हसले. "फोनवरची शाळा? अहो बाई, शाळा म्हणजे इमारत, फळा, घंटा. घरात बसून फोन बघणारीला विद्यार्थिनी कोण म्हणेल? नामंजूर!"

हौसाबाई जागची हलली नाही. "साहेब, काल ही इमारत इथंच होती ना?"

"होती की."

"तुम्ही होता, शिपाई होता, डोक्यावर पंखाबी फिरत होता. मग ऑफिस बंद कसं?"

"सर्व्हर नव्हता ना, बाई! सगळं काम त्याच्यावरच चालतं."

"म्हंजे तुमचं ऑफिस भिंतीत नाही, तारेत आहे. सरकारची कचेरी तारेतून चालते, मग माझ्या लेकीची शाळा का नाही चालायची?"

रांगेतली माणसं खो खो हसली. साहेबांनी कॉम्प्युटरवर मदतीच्या यादीत गौतमीचं नाव भरायला घेतलं.

हौसाबाई पदर खोचून म्हणाली, "जरा हात उचला, साहेब. ऑफिस पुन्हा जायच्या आत!"