शेवटची केबिन

“आजी, क्रूझ म्हणजे एसटी नव्हे, उभ्यानं जायला! शेवटची एकच केबिन उरलीय. उद्या भाव दीडपट!” टूर कंपनीचे मालक देवस्थळी खेकसले.

केराबाई पार थकल्या होत्या. आठवडाभर खेटे घालून रोज ही ‘शेवटची’ केबिनच ऐकत होत्या. पण धाकट्या बहिणीची नजर पुरती जायच्या आत तिला समुद्र दाखवायचा होता, आणि गाठीला पैसे निम्मेच.

“परवडत नसेल तर तळ्यातल्या नावेत बसा,” देवस्थळी हसले.

गुडघ्यावर हात टेकून केराबाई उठल्या. “साहेब, चाळीस वर्षं मंडईत मेथी विकली मी; उरलेली जुडी निदान गाय तरी खाते, पण जहाज सुटल्यावर तुमच्या रिकाम्या केबिनला कुणी तोंड लावणार नाही, तेव्हा आम्ही बॅगा भरून बसतो, आदल्या दिवशी तुम्हीच फोन करा!”