इरबानं बांधलेली धूळ

एका गावात एक भोळा गडी होता, इरबा. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. माळावरच्या हणमंतशेठच्या खडी क्रशरवर तो कामाला होता. क्रशरची धूळ गावावर जायची. गाव खोकायचं, शेठ हसायचे. पण प्रदूषण खात्याचा हवेचा परवाना संपत आला, गुरुवारी तपासणीला साहेब येणार असं कळलं, आणि शेठचं हसू पळालं. परवाना नाही तर क्रशर बंद, आणि इरबाची भाकरीही बंद.

शेठनी इरबाला बजावलं, धूळ दिसली की पाणी मारायचं.

"ध्यानात ठिवतो, मालक."

मंगळवारी सरपंचबाई गाऱ्हाणं घेऊन आल्या. माळ चढेस्तोवर बिचाऱ्या पदरापासून पायापर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या. इरबानं धूळ पाहिली आणि भरली बादली त्यांच्या डोक्यावर ओतली. शेठनी कपाळाला हात लावला. अरे, आलेल्याला सावलीत बसवावं, पंखा लावावा.

"ध्यानात ठिवतो, मालक."

बुधवारी दगडाच्या भुकटीचा ट्रॅक्टर आला. आलेल्या भुकटीला इरबानं सावलीत उतरवलं आणि समोर मोठा पंखा लावला. गावात वाळत घातलेल्या मिरच्या पांढऱ्या, म्हशी पांढऱ्या. शाळेत फळा इतका पांढरा झाला की गुरुजींनी बोटानंच धडा लिहिला. शेठ रडकुंडीला आले. अरे बाबा, भुकटी ताडपत्रीत गुंडाळावी, दोरीनं आवळावी. कितीही फडफडली तरी गाठ सोडू नये.

"ध्यानात ठिवतो, मालक."

गुरुवारी पहाटेपासून शेठ स्वतः झाडू घेऊन मशीनखाली शिरले. साहेबांची जीप दिसली तसे लगबगीनं बाहेर आले, ते नखशिखांत पांढरे. इरबा विचारात पडला. माणूस आहे, म्हणजे पाणी नको. भुकटी आहे, म्हणजे पंखा नको. मग त्यानं शेठना ताडपत्रीत गुंडाळलं, दोरीनं आवळलं आणि वर बसला.

साहेबांनी विचारलं, धूळ उघड्यावर सोडता की बंदिस्त ठेवता?

"बांधून ठिवलीया की," इरबा अभिमानानं म्हणाला.

साहेब खूश झाले. पिशवीतून नवा परवाना काढला. आता फक्त मालकांची सही हवी होती.

"मालक हितंच हायत, साहेब. धुळीत."

बोचकं उसळ्या मारत होतं. साहेब ओरडले, आधी गाठ सोड.

"मालकांनी सांगिटल्याबिगर न्हाई सोडायचो."

शेठ आतून जीव खाऊन सांगत होते. पण इरबाला वाटलं, फडफड वाढली. त्यानं आणखी एक गाठ मारली. साहेबांनी परवाना पिशवीत घातला आणि जीप वळवली.