डोहाच्या गोष्टीचा शेवट

एका जंगलात एक डोह होता. डोह सगळ्यांचा आहे, असं आम्ही अजूनही म्हणतो.

त्या डोहावर एक रीत होती. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की सगळ्यांत लहान जनावर आधी प्यायचं, मग त्याहून मोठं, आणि सगळ्यांत शेवटी वाघ. लहान जनावर काठावरून पितं. मोठं पाण्यात उतरतं, आणि ते उतरलं की मागे चिखल राहतो. रीत कुठे लिहिलेली नव्हती. ती एका जुन्या गोष्टीत होती, आणि ती गोष्ट माझी बायको सोनकी सांगायची.

मी साळिंदर. अंगावर काटे असल्यामुळे मी निर्भीड आहे असा जंगलात समज होता. तो मी कधी खोडून काढला नाही.

सोनकी रोज तिन्हीसांजेला बिळाच्या तोंडाशी बसायची. पिल्लं आणि त्यांच्या आया जमायच्या. अकरा वर्षं मी तिच्या शेजारी बसलो आणि अकरा वर्षं गोष्टीतला वाघ डोहावर यायच्या आत झोपलो. गोष्ट संपली की ती मला नाकाने ढोसायची. "अहो, उठा. वाघ गेला."

गेल्या पौषात ती वारली. शेवट विचारायचा राहिला. आता मला संध्याकाळी झोप येत नाही.

त्याच सुमारास निवडणूक झाली. वाघमहाराज बिनविरोध आले. विरोधात एका भेकराने अर्ज भरला होता, पण अर्ज मागे घ्यायच्या मुदतीआधी भेकरच सापडेना. विजयसभेत महाराज म्हणाले, "मी परंपरेचा सेवक आहे. पण सेवा करण्याआधी परंपरा म्हणते तरी काय, हे तपासायला नको?"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझे पंजे आखूड आहेत, त्यामुळे जास्त वाजवाव्या लागल्या.

गोष्टीचं मूळ आणि अर्थ ठरवायला समिती नेमली गेली. अध्यक्ष कोल्हेसाहेब. मूळ दोन दिवसांत सापडलं. ही गोष्ट सर्वांत आधी महाराजांच्या पणजोबांच्या गुहेत सांगितली गेली. पुरावा म्हणून गुहेतली हाडं दाखवण्यात आली. कोल्हेसाहेब म्हणाले, "ही तेव्हाच्या श्रोत्यांची. गोष्ट इतकी रंगली की एकही जण उठून गेला नाही."

अर्थ मात्र शेवटावर अवलंबून होता. त्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडावर मला साक्षीला बोलावलं.

आदल्या दिवशी पिसोरी आली. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. तिचं पाडस अजून अंगावर पीत होतं आणि गढूळ पाणी प्यावं लागलं की तिचं दूध आटायचं.

"दादा, शेवट नीट सांगा हं. वहिनी सांगायच्या तसा."

"सांगतो की."

"आठवतो ना?"

"न आठवायला काय झालं? बायको कोणाची होती?"

ती हसली. मीही हसलो.

सभेत आधी माझा सत्कार झाला. अंगावर शाल घातली. ती काट्यांत अशी गुंतली की मला मान वळवता येईना, फक्त खालीवर हलवता येई.

कोल्हेसाहेबांनी विचारलं, "साळोबा, वाघ डोहावर येतो. पुढे?"

मी घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"असं तर नाही ना," ते प्रेमाने म्हणाले, "की वाघ म्हणतो, बाळांनो, पाणी विषारी असेल तर? तुमच्यासाठी मी आधी पिऊन बघतो?"

"म्हणाला असेल."

कारकून वानराने लिहिलं: म्हणाला.

"आधी राजाची तहान, मग जंगल महान!" मागून वानरांनी घोषणा दिली.

"दादा!" गर्दीतून पिसोरी पुढे आली. "काय बोलताय? वहिनी असं सांगत नव्हत्या. वाघ आधी पाण्यात उतरतो, चिखल करतो, आणि तोच चिखल त्यालाही प्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो थांबतो. मुंगूस पितं, ससा पितो, सगळे पितात. शेवटी वाघ वाकतो, तर पाणी काचेसारखं. त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसतं. तो म्हणतो, एवढी वर्षं राज्य केलं, पण राजा कसा दिसतो ते आज कळलं."

तो शेवट मी पहिल्यांदाच ऐकला. चांगला होता. सोनकी तो सांगताना कशी थांबत असेल, कुठे हसत असेल, तेही मला कळल्यासारखं झालं.

कोल्हेसाहेब म्हणाले, "शेजाऱ्यांची साक्ष समिती धरत नाही. साळोबा, तुम्ही पती. तुमची पत्नी असं सांगत असे का?"

महाराज माझ्याकडे बघत होते. नुसते बघत होते. एवढंच सांगायचं होतं की मी झोपत असे. पण अंगावर शाल होती आणि पहिल्यांदाच सगळं जंगल माझं ऐकत होतं.

मी म्हणालो, "शेवटी शेवटी तिला विसरायला व्हायचं."

सोनकी आयुष्यात काही विसरली नव्हती. पिसोरी माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर तिने मला दादा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून महाराज आधी पिऊ लागले. जंगलाच्या काळजीपोटी ते डोहाच्या मधोमध बसून पाणी तपासतात. मग काळजी करणारे गवे येतात, मग रानडुकरं. आमची पाळी येते तेव्हा पाणी खरवडून घ्यावं लागतं. पिसोरी पाडसाला घेऊन डोंगरापलीकडे गेली. पाडस चालत होतं की ती त्याला ढकलत होती, ते मला लांबून नीट दिसलं नाही. मी नीट बघितलंही नाही.

मी आता राज्याचा अधिकृत कथाकार आहे. रोज तिन्हीसांजेला गोष्ट सांगतो, नव्या शेवटासह. हजेरी सक्तीची आहे. काही जण झोपतात. मी त्यांना उठवत नाही.

परवा महाराजांनी भाषणात सांगितलं की गढूळ पाणी हीच आपली खरी परंपरा आहे, आणि कोणाला शंका असेल तर त्याने साळोबांना विचारावं.

अजून कोणी विचारायला आलेलं नाही. आलं तर मी मान हलवीन. खालीवर. शाल अजून निघालेली नाही.