आजी आधी जेवायची

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, कारण मला जिनं सांगितली तिलाही ते ठाऊक नव्हतं. एका डोंगराच्या पायथ्याशी दहा-बारा घरांचं एक गाव होतं, आणि त्या गावातल्या शेवटच्या घरात एक आजी राहत होती.

आजी खूप जगली. तिच्या हाताखाली चार पिढ्या वाढल्या. मडकं तडकलं तर ती राळ लावून चालवायची. पाळण्याची दोरी तुटली तर जुन्या लुगड्याची वेणी घालून बाळाला झोका द्यायची. गाय मेली तेव्हा तिच्या वासराला आजीनं बांबूच्या नळीतून पेज पाजून जगवलं. आणि दिवेलागणीला घरातली माणसं ती बोटांवर मोजायची. एक जरी कमी भरलं, तरी दारातून हलायची नाही.

अशा आजीचा एकच दोष घरात सगळ्यांना माहीत होता. आजी आधी जेवायची.

रोज नाही हं. रोज ती सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खायची. पण धान्य संपलं की डोंगरातले कडू कंद उकरून आणावे लागत, आणि कंद शिजले की पहिला घास आजीचा. पोरं ताटल्या घेऊन बसलेली, आणि आजी आपली खांबाशी पाटावर बसून खातेय. खाऊन झाल्यावर तरी वाढेल म्हणावं, तर तेही नाही. फणी घेऊन एकेका पोराचं डोकं विंचरायला बसायची. सगळ्यांची डोकी झाली की मगच वाढायची.

तिचा मुलगा तिला चिडवायचा, "आई, हावरटपणा करायचा तर कर, पण आमचा जीव का टांगून ठेवतेस?"

आजी हसून म्हणायची, "म्हातारीची जीभ आहे बाबा. तिला दम निघत नाही."

एका सुगीत, कणग्या भरलेल्या असताना, आजी गेली. तेराव्याला सगळं गाव जेवलं. जो तो तिचे गुण सांगत होता आणि डोळे पुसत होता. कुणीतरी म्हणालं, "तिचं पान पहिलं वाढा, तिला आधी लागतं," आणि रडतारडता सगळे हसले.

पुढच्याच वर्षी पाऊस पडला नाही.

घरात आता आजीचा मुलगा होता, म्हातारपणी माहेरी राहायला आलेली त्याची बहीण, म्हणजे आत्याबाई, होती. नातू होता, नातसून होती, आणि नातसुनेची दोन लेकरं होती, सहा वर्षांची मुलगी आणि अंगावरचं बाळ. कणगी खरवडून झाली. भुकेलं पोर रडतं तोवर बरं असतं. ते रडायचं थांबतं तेव्हा खरी भीती असते. नातसुनेचं दूध आटलं होतं, आणि बाळ रडायचं थांबलं होतं.

नवऱ्यानं डोंगरातून टोपलीभर कंद उकरून आणले. त्याच सकाळी शेजाऱ्यांनीही आणले होते. कंद करायचं ठाऊक असलेलं जुनं माणूस त्यांच्याकडेही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते नुसते उकडले. ताटं मांडेपर्यंत त्यांच्या शेळीनं दोन फोडी पळवल्या, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत ती शेळी पाय झाडत मेली. शेजारणीनं सगळं मडकं उकिरड्यावर ओतलं आणि पोरांना कवटाळून बसली.

नातसून ते पाहून घरी आली. टोपलीकडे बघायचीही तिला भीती वाटू लागली.

"मामंजी," ती सासऱ्याला म्हणाली, "आजी हे कंद कसे करायच्या?"

"काय सांगू तुला," सासरा म्हणाला, "अमृत असायचं तिच्या हातात."

"चव नको सांगू तिला," आत्याबाई म्हणाल्या. "माझी आई म्हणजे देवमाणूस. कधी कुणाला उपाशी ठेवलं नाही तिनं."

"आत्याबाई, ते तेराव्याला ऐकलं मी. आजी हातानं काय करायच्या ते सांगा."

वर्षानुवर्षं दोघांनी खाल्लं होतं, पण चुलीकडे कुणी बघितलं नव्हतं. आजी बारीकसारीक काम सांगायची, पण चुलीजवळ कुणाला येऊच द्यायची नाही. 'तुम्ही बसा, मी करते,' म्हणायची.

नातसून उठली नाही. "काहीही सांगा," ती म्हणाली. "एवढंसं असलं तरी चालेल."

मग सासऱ्याला आठवलं, की लहानपणी चुलीतली राख साठवायचं काम त्याच्याकडे असायचं. आत्याबाईंना आठवलं, की फोडी पानासारख्या पातळ असायच्या. एक जाड राहिली म्हणून आईनं त्यांच्या हातावर चापटी मारली होती. नातू म्हणाला, "राख घालून उकळायची, आणि मग टोपली ओढ्यात बुडवून ठेवायची. मीच तिच्यावर धोंडा ठेवायचो."

"किती दिवस?"

"एक," आत्याबाई म्हणाल्या.

"छे, पाच असतील," सासरा म्हणाला.

एक म्हणावा तर विष राहील. पाच म्हणावेत तर बाळ तेवढं थांबेल का?

तेव्हा मुलगी बोलली. "आजी रोज दोरीला एक गाठ मारायची. टोपली काढताना मी गाठी सोडायचे. एक माझी, एक बाबाची, एक आईची."

तीन दिवस. नातसुनेनं ते तीन दिवस कसे काढले ते तिचं तिला माहीत. ओल्या फडक्यानं ती बाळाचे ओठ ओले करायची, आणि दर घडीला त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची.

चौथ्या दिवशी कंद शिजले. ताटल्या मांडल्या. पण तिचा हात मडक्यातून वर येईना.

"आधी कुत्र्याला घाल," आत्याबाई म्हणाल्या.

"कुत्रं हे तोंडाला लावणार नाही," सासरा म्हणाला.

मुलगी ताटली पुढं करून बसली होती. मग तिनं खांबाजवळच्या रिकाम्या पाटाकडे बोट केलं. "आधी आजीचं असतं. मग वेण्या. मग आपलं."

नातसून जागच्या जागी थबकली. तिला पाट दिसला, कोनाड्यातली फणी दिसली, आणि एकदम सगळं उमजलं. ती सासऱ्याकडे वळली. "मामंजी, आजी हावरट नव्हत्या. त्या घास खाऊन बघायच्या, आणि स्वतःला काही होतंय का याची वाट पाहायच्या. आपण वाट बघतोय हे पोरांना कळू नये, म्हणून वेण्या घालायच्या."

नातसून पाटावर बसली आणि तिनं पहिला घास घेतला. मग मुलीला पुढ्यात ओढलं आणि फणी हातात धरली. जीभ थोडी चुरचुरली. हे आता वाढणार की थांबणार? आपण गेलो तर अंगावरच्या पोराचं काय? भांग दोनदा वाकडा गेला.

"आई, तुला भीती वाटतेय का?" मुलीनं विचारलं.

आजी असती तर हसून काहीतरी बोलली असती. नातसुनेला ते जमलं नाही.

"हो," ती म्हणाली. "आणि कशाची ते तुला सांगते. नीट ऐक." वेणी घालताघालता तिनं राखेपासून गाठींपर्यंत सगळं सांगितलं. दुसरी वेणी होईपर्यंत चुरचुर थांबली होती. तिनं आणखी थोडं थांबून पाहिलं. मग बाळाचं जावळ विंचरलं, आणि पहिला मऊ घास कुस्करून त्याच्या तोंडात घातला. बाळानं तो गिळला, आणि दुसऱ्या घासासाठी रडायला लागलं.

सासऱ्यापुढं ताटली आली, पण त्यानं ती आधी आजीच्या पाटापुढं सरकवली. "मी तिला जन्मभर चिडवलं," तो म्हणाला.

नातसून शेजाऱ्यांकडे गेली आणि तिनं त्यांनाही सगळं करून दाखवलं. त्या वर्षी गावात माणूस गेलं नाही. तेव्हापासून त्या गावात कंद शिजले की घरची मोठी बाई आधी जेवते आणि तिला कुणी हसत नाही. जेवताना ती पोरांना जवळ बसवते आणि आपण काय करतोय ते सांगते.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आयांनो, मोठ्यांची आठवण ठेवायची तर त्यांचे गुण गाण्याआधी त्यांच्या हातचं काम शिकून घ्यावं.