तपासलेले आणि वाचलेले

एका तालुक्याच्या गावातील वाचनालयात एकदा एक नवी साहाय्यक ग्रंथपाल रुजू झाली. तिचे नाव सुलक्षणा. तेथे दिगंबर गुरुजी नावाचे वृद्ध ग्रंथपाल चाळीस वर्षे सेवा करीत होते, आणि त्यांच्या हाताखाली काम शिकावे म्हणूनच ती आली होती. मुलगी मोठी जिद्दीची. आल्या आल्या तिने मुलांसाठी रविवारचा लेखन-वाचन वर्ग सुरू केला.

पहिल्या रविवारी तेवीस मुले आली. सुलक्षणा त्यांना लिहायला बसवी, वह्या घरी नेई आणि लाल शाईने एकेक चूक दुरुस्त करून परत आणी. तिच्या कष्टांत खोट नव्हती. तरी पुढच्या रविवारी मुले चौदा झाली, नंतर नऊ. वाचनालयाच्या समितीला ती खोली स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेसाठी हवीच होती. "महिनाभर पाहू," अध्यक्ष म्हणाले, "मुलंच नसतील तर खोली कशाला अडवायची?"

त्या नऊ मुलांत हौसा होती. गावाबाहेर पाल ठोकून पाटे-वरवंटे घडवणाऱ्या पाथरवटाची दहा वर्षांची मुलगी. तिने आपल्या शेळीची गोष्ट लिहून आणली होती. 'पाल हालवायच्या दिवशी आमची शेरडी हाटून बसली,' अशी सुरुवात. सुलक्षणाने ते वाक्य खोडून वर नीट लिहिले : 'मुक्काम हलवण्याच्या दिवशी आमची शेळी तेथेच थांबली.' सारे पान असेच सुधारले.

हौसाने पान हातात घेतले, बोट ठेवून वाचले आणि म्हणाली, "बाई, ती थांबली न्हवती. हाटून बसली हुती."

"दोन्ही एकच गं," सुलक्षणा म्हणाली.

हौसाने पानाची घडी केली. पुढच्या रविवारी ती आली नाही. तिच्यामागून आणखी चौघे गळाले.

सुलक्षणा गुरुजींपुढे येऊन उभी राहिली. "गुरुजी, मी आता बक्षिसं ठेवते, घरोघरी जाते. काहीही झालं तरी वर्ग बंद पडू देणार नाही. पण माझं चुकतंय कुठे ते सांगा."

एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवून गुरुजी म्हणाले, "लहानपणी तू सर्वांत जास्त कधी घाबरलीस ते लिही. एक पान."

तिला हे विचित्र वाटले. तरी ती बसली. हळूहळू लेखणी धावू लागली. जत्रेत तिचा धाकटा भाऊ हरवला होता. गर्दीत त्याचा हात सुटला असे तिने घरी सांगितले होते. खरे तर बांगड्या पाहण्याच्या नादात तिनेच तो सोडला होता. ही गोष्ट तिने आजवर कोणालाच सांगितली नव्हती. त्या कागदावर ती प्रथमच उतरली.

गुरुजींनी पान घेतले, खिशातून लाल पेन काढले. "'गर्दी'तला दी दीर्घ. 'आणि'तला णि ऱ्हस्व. येथे पूर्णविराम राहिला." पाच ठिकाणी गोल काढून त्यांनी कोपऱ्यात 'दहापैकी सात' लिहिले आणि पान परत केले. "अक्षर वळणदार आहे हो तुझं."

सुलक्षणाचे डोळे भरून आले. "गुरुजी, मी काय लिहिलंय ते वाचलंत तरी का?"

"नाही. तपासलं."

मग गुरुजींनी पेन खिशात ठेवले, पान पुन्हा मागून घेतले आणि पहिल्या शब्दापासून सावकाश वाचले. वाचून झाल्यावर मृदू स्वरात विचारले, "भाऊ सापडला, तेव्हा तुला पाहून काय म्हणाला?"

"म्हणाला, ताई, तू रडू नकोस," सुलक्षणा म्हणाली.

गुरुजींनी पान तिच्या हाती परत दिले. मग म्हणाले, "बाळ, मूल कागद पुढे करतं तेव्हा ते परीक्षेला बसलेलं नसतं. माझं म्हणणं ऐकायला कुणी आहे का, एवढंच विचारत असतं. शुद्धलेखन शिकवायलाच हवं, त्यात माझं दुमत नाही. पण आधी त्याला वाचणारा भेटू दे. वाचणारा भेटला, की आपलं म्हणणं नीट पोचावं अशी ओढ त्याची त्यालाच लागते."

त्याच दिवशी ऊन कलताना सुलक्षणा गावाबाहेर पालावर गेली. हौसा दगडाच्या कपच्या वेचत होती. सुलक्षणा शेजारी मातीतच बसली. "हौसा, तुझी गोष्ट मी नीट वाचलीच नव्हती. मला सांग, शेरडी का हटून बसली होती?"

हौसाने तिच्याकडे निरखून पाहिले. "तिचं करडू खानीत पडलं हुतं. आमाला कुनालाच ठावं न्हवतं. आज्ज्यानं वडली, बानं हानली, पर हालंना. मंग मीच खानीत वाकून बघितलं."

"हे तर तू लिहिलंच नव्हतंस!"

"व्हय की!" हौसा चपापली. ती धावत पालात गेली, घडी केलेला कागद आणि पेन्सिल घेऊन आली आणि पालथी पडून लिहू लागली. दोन ओळी झाल्यावर तिने मान वर केली. "बाई, खान कसं लिवायचं? आमच्यागत नगं, पुस्तकातल्यागत सांगा. लांबच्या मानसालाबी कळाय पायजे."

"'खाण'," सुलक्षणा म्हणाली. "बाणातला ण."

महिनाअखेरीस समितीने खोली अभ्यासिकेला दिलीच. सुलक्षणाने वाद घातला नाही. तिने व्हरांड्यात सतरंजी अंथरली. तिथल्या पहिल्या रविवारी सहा मुले आली, आणि हौसाने उभे राहून आपली गोष्ट वाचली. करडू वर निघाले तेव्हा ऐकणाऱ्या सगळ्यांनी श्वास सोडला. सुलक्षणाच्या लक्षात आले की तिनेही श्वास रोखून धरला होता.

ज्याला मुलांना लिहिते करायचे आहे, त्याने आधी त्यांचा वाचक व्हावे.