अस्वलिणीची ऐसपैस पेटी

मुलांनो, पोळे फोडून मध चाटणारे अस्वल तुम्ही चित्रात पाहिले असेल; पण मधमाश्यांना आपल्या दारात घर करून देणारे अस्वल कुठे पाहिले आहे का? नाही ना? मग ऐका.

एका डोंगराच्या उतारावर, जांभळीच्या रानात एक अस्वलीण राहत असे. तरुणपणी तीही चारचौघा अस्वलांसारखीच होती. पोळे दिसले की झाडावर चढायचे, पंजा मारायचा, हाती लागेल तेवढे चाटायचे आणि सुजलेले नाक घेऊन घरी यायचे. पण एका वर्षी तिच्या ध्यानात आले, की आपण जिथे जिथे पोळी फोडली तिथे माश्या पुन्हा फिरकल्याच नाहीत. माश्या गेल्या, तशी जांभळेही विरळ धरू लागली. तेव्हापासून तिने पोळी फोडणे सोडले. एक लाकडी पेटी मिळवली आणि सातेरी माश्यांची एक वसाहत तिच्यात आणून ठेवली. सातेरी म्हणजे ढोलीत, अंधारात पोळी बांधणारी आपल्याकडची लहान मधमाशी. पेटीत ओळीने चौकटी टांगलेल्या असत आणि माश्या त्या चौकटींत पोळी बांधत. फुलोरा संपला की अस्वलीण निम्मा मध काढून घेई आणि निम्मा माश्यांना पावसाळ्यासाठी ठेवी. तीन वर्षे हा व्यवहार बिनतक्रार चालला.

चौथ्या वर्षी थंडी सरत आली असताना तिने पेटी झाडायला उचलली, तर तळाची फळी तिच्या पंजातच आली. वाळवीने ती आतून पोखरून टाकली होती. चौकटी भुसभुशीत झाल्या होत्या. एका फटीतून मुंग्यांची रांग निवांतपणे आत चालली होती. दोनएक आठवड्यांत जांभळी फुलणार होत्या. आणि घर धड नसेल तर सातेरी माशी थांबत नाही, सगळी वसाहत राणीला घेऊन उठते आणि निघून जाते, हे तिला पक्के ठाऊक होते. एकदा गेलेल्या माश्या परत येत नाहीत.

रानाच्या कडेला एक कोल्हा नव्या मधपेट्या विकत असे. अस्वलीण तडक त्याच्याकडे गेली.

"पेटी छान आहे हो, कोल्होबा," ती फळीवरून पंजा फिरवत म्हणाली.

"असणारच! सागाची आहे. यंदाचा सगळा मध द्या आणि उचला."

"सगळा? मग पावसाळ्यात माश्या काय खातील?"

"ते माश्यांना विचारा. मी पेट्या विकतो, खानावळ चालवत नाही."

"मग राहू दे. मी घरीच करीन."

कोल्हा खो खो हसला. "करा की! पंजे चांगले दणकट आहेत. पण अस्वलबाई, पेटी जोडणं म्हणजे वारूळ उकरणं नव्हे बरं."

हे बोलणे अस्वलिणीला झोंबले, पण ती घरी आली आणि कामाला लागली. ओढ्याला पुरात वाहून आलेली फणसाची एक फळी काठावर अडकून पडली होती. ती तिने ओढून आणली आणि दगडावर घासून सपाट केली. बांबू फोडून त्याच्या कामट्या केल्या, त्या चौकटींसाठी. खिळ्यांचे काय करावे, हा प्रश्न होता. शेजारच्या बिळात एक साळिंदर राहत असे. ती त्याच्या दाराशी गेली.

"साळिंदरभाऊ, तुमच्या दारात काटे गळून पडलेले असतात. खिळे म्हणून ठोकायला नेऊ का?"

"पडलेले खुशाल न्या," साळिंदर बिळातून डोके काढून म्हणाला. "अंगावरच्यांवर डोळा ठेवू नका म्हणजे झालं."

साळिंदराला दुसरे काही काम नव्हते. तो मागोमाग आला आणि सावलीत बसून काम पाहू लागला. जुन्या चौकटी माश्यांसकट सावलीत टांगून ठेवून अस्वलीण जुन्या पेटीच्या चारही बाजू मोडायला निघाली, तेव्हा तो म्हणाला, "अहो, अहो! बाजू धड आहेत ना? धड आहे ते कशाला मोडता? किडलेलं तेवढं काढा."

हे अस्वलिणीला पटले. तिने नवा तळ बसवला, बाजू जुन्याच ठेवल्या. गव्याचे शेण आणि चिकणमाती कालवून बारीकसारीक फटी लिंपल्या. पेटीच्या चार पायांखाली बांबूच्या चार वाट्या ठेवून त्यांत पाणी भरले, म्हणजे मुंग्यांना वर चढता येऊ नये. बांबूच्याच एका नळकांड्यात वाळका पाला पेटवून, फुंकर मारली की धूर देणारे धुराडेही तिने केले. एवढे सारे झाले आणि कोणाला मधाचा थेंबही द्यावा लागला नाही. अस्वलिणीला मनातून फार बरे वाटले.

राहिल्या चौकटी. "दोन चौकटींत जागा किती ठेवणार?" साळिंदराने विचारले.

"जुन्या पेटीत फारच दाटी होती. बिचाऱ्या एकमेकींच्या अंगाला अंग घासत राहायच्या. आता लाकूड फुकटचं, मेहनत घरची, मग जागेत कशाला हात आखडायचा? माझं बोट मध्ये सहज फिरेल एवढी फट ठेवते. राहू देत ऐसपैस!"

साळिंदराने वाकून पाहिले. "वा! मला आत शिरता आलं असतं तर मीच राहिलो असतो."

धुराड्याचा हलका धूर देऊन अस्वलिणीने जुनी पोळी अलगद कापली, केळीच्या सोपटाच्या दोरीने एकेक पोळे नव्या चौकटीत बांधले आणि पेटीवर झाकण ठेवले. माश्या आत शिरल्या. त्यांना नव्या घरात स्वस्थता मिळावी म्हणून आठ दिवस तिने झाकण उघडले नाही. रोज दुरूनच ती पेटीची गुणगुण ऐके आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "घरी केलेली आहे हो!"

नवव्या दिवशी, दुपारी, जांभळीला पहिला फुलोरा आलेला पाहून तिने झाकण काढले आणि मधली चौकट उचलली. चौकट येईना. तिने जरा जोर लावला. तशी शेजारच्या दोन चौकटीही बरोबर वर आल्या आणि करकन आवाज होऊन पोळे फाटले. मध घळाघळा तळावर सांडला. आतली पांढरी पिल्ले त्या मधात पडली. चौकटींमधल्या प्रत्येक मोकळ्या फटीत माश्यांनी आडवीतिडवी पोळी बांधून ठेवली होती आणि सगळ्या चौकटी एकमेकींना जखडून गेल्या होत्या. माश्या खवळून उठल्या. अस्वलिणीच्या नाकावर सात-आठ डंख बसले. पण त्यापेक्षा त्या पिल्लांकडे पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आले.

नेमका त्याच वेळी कोल्हा तिथून चालला होता. नेमका म्हणा, की मुद्दाम म्हणा.

"अरेरे!" तो म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं का? अजून एक पेटी शिल्लक आहे. पण आता यंदाचा सगळा मध आणि पुढच्या वर्षीचा निम्मा. लवकर बोला. या माश्या काही उद्याच्यापुढे थांबत नाहीत."

अस्वलीण कबूल करणार, एवढ्यात पेटीच्या काठावर एक म्हातारी माशी येऊन बसली. तिच्या पंखांच्या कडा झिजून फाटल्या होत्या.

"तो खरं सांगतोय," माशी म्हणाली. "ओढ्यापलीकडच्या ऐनाच्या झाडात ढोली पाहून ठेवली आहे आम्ही. उद्या ऊन आलं की निघणार."

"आजी, नका जाऊ," अस्वलीण कळवळून म्हणाली. (अस्वलीण बारा वर्षांची होती आणि माशी चाळीस दिवसांची; पण माश्यांत चाळीस दिवस म्हणजे पिकले पान.) "मी आत्ता नवी पेटी घेते. सागाची घेते."

"सागाची असो नाहीतर शेवग्याची, आम्हाला काय त्याचं? लाकडाला नावं ठेवलीत का आम्ही? तुझी फणसाची फळी चांगली आहे. काटे चांगले आहेत. मुंग्यांचा बंदोबस्त तर फारच चांगला आहे. पण माप कुणाचं घेतलंस?"

"माझ्या बोटाचं."

"राहणार कोण? तुझं बोट?"

सावलीतला साळिंदर फिस्सकन हसला आणि अस्वलिणीने पाहताच गप्प झाला.

"मला वाटलं, मोठी जागा दिली तर तुम्हाला सुख होईल," ती हळू आवाजात म्हणाली.

"तुला सुख होईल गं. आम्हाला रिकामी जागा दिसली की ती भरावीच लागते, आमचा जन्मच तसा. एवढी रुंद फट म्हणजे इथे आणखी एक पोळं बांधा, असंच आम्ही समजतो. आणि फारच अरुंद ठेवलीस तर मेणाने चिकटवून टाकू. तू साळिंदराचं ऐकलंस, कोल्ह्याकडे गेलीस. आम्ही दारात होतो, आम्हाला नाही विचारलंस."

अस्वलिणीला वाटत होते, आपण मन मोठे केले. पण ते मोठेपण आपल्याच बोटाचे होते, हे आता तिला कळले.

"आता विचारते, आजी. माप दाखवाल?"

"दाखवीन. पण थांबण्याचं वचन देत नाही. ते सकाळी आम्ही सगळ्याजणी मिळून ठरवू."

"ऐकलंत?" कोल्हा म्हणाला. "वचनसुद्धा देत नाहीत! फुकट राबून घेतील आणि उडून जातील. पेटी घ्या, म्हणजे निदान हाती काहीतरी राहील."

अस्वलिणीने एकदा सांडलेल्या मधाकडे पाहिले, एकदा उन्हाकडे. दिवस कलायला अजून अवकाश होता.

"कोल्होबा, या आता तुम्ही," ती म्हणाली. "तुमची पेटी चांगली असेल, पण चूक पेटीची नाही, माझी आहे. ती विकत घेऊन नाही सुधारायची."

"उद्या रिकामी पेटी कवटाळून बसाल, तेव्हा मला बोल लावू नका," असे म्हणून कोल्हा निघून गेला.

मग म्हाताऱ्या माशीने आणखी एकीला बोलावले. दोन कामट्या शेजारी शेजारी उभ्या धरायला सांगून एक माशी एका कामटीवर आणि दुसरी समोरच्या कामटीवर बसली. दोघींच्या पाठी एकमेकींकडे होत्या.

"आता कामट्या जवळ आण. आणखी. आणखी थोड्या. बस! दोघी पाठीला पाठ करून चालल्या, तरी पंखाला पंख घासू नये. एवढंच आमचं ऐसपैस."

तेवढ्या फटीत बरोबर बसेल अशी काडी अस्वलिणीने शोधली आणि तिच्या जाडीचे खुंटीसारखे लहान लहान तुकडे तासले. हे काम तिच्या जाड पंजांना जमेना. तुकडे सारखे निसटत. तेव्हा साळिंदर न सांगता उठला आणि त्याने दातांनी ते कुरतडून दिले. तिने आडवीतिडवी पोळी धारदार शिंपल्याने सोडवली, पिल्ले असलेली तेवढी नीट चौकटींत बांधली आणि दोन चौकटींच्या मधे एकेक तुकडा अडकवला, म्हणजे फट हलू नये. चौकटी जवळ आल्या तशी एका बाजूला जागा उरली. तिथे तिने कामट्यांच्या आणखी दोन चौकटी घातल्या आणि तरीही राहिलेल्या जागेला एक आडफळी लावून ती बंद केली. प्रत्येक फटीतून म्हातारी माशी चालून पाही. दोन फटी तिने नापास केल्या. अस्वलिणीने कुरकुर न करता त्या पुन्हा केल्या. शेवटी सांडलेला मध पाल्याने पुसून, तळ धुऊन, वाट्यांत नवे पाणी भरून तिने झाकण ठेवले, तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता.

"राहतील का हो?" तिने साळिंदराला विचारले.

"मला काय विचारता?" साळिंदर म्हणाला. "मी ऐसपैसला वाहवा करणारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीवर ऊन आले, माश्या दारातून बाहेर पडल्या, जांभळीच्या फुलोऱ्यावर गेल्या आणि थोड्या वेळाने पायांना परागाचे पिवळे गोळे लावून एकेक करत त्याच पेटीत परत आल्या.

तात्पर्य : हाताशी असेल त्यातून काम जरूर भागवावे, पण ज्याच्यासाठी वस्तू करायची, त्याचे माप त्यालाच विचारून घ्यावे. आपल्या मापाने दिलेले सुख दुसऱ्याला अडचण होते.