तुळबा सुताराचं शेवटचं चाक

ऐका. फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता आणि सडक म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा आमच्या खैरवाड्यात तुळबा सुतार राहायचा. बैलगाडीची चाकं करणारे आणखीही होते, पण तुळबा शिकवायचा. येईल त्याला शिकवायचा, जात विचारायचा नाही. पहिला महिनाभर तो शिष्याच्या हाती हत्यार द्यायचा नाही, नुसतं लाकूड वाजवून ऐकायला लावायचा. झाड कुठल्या रानातलं ते तो आवाजावरून ओळखायचा, असं म्हणतात.

शिष्य त्याच्याच घरी राहायचे. दुपारी बायको बनाई, दोन मुली आणि शिष्य एका पंगतीला बसायचे आणि तुळबा स्वतः वाढायचा. धाकटीची थट्टा करून तिला हसवल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे.

त्याची एक रीत होती. शिष्याचं पहिलं चाक तो स्वतःच्या गाडीला लावायचा, बायकोमुलींना गाडीत बसवायचा आणि नदी पार करायचा. चाक घडवणारा शेजारून चालायचा. तुळबा चाक तपासायचा नाही. फक्त विचारायचा, "खोट हाय का?" शिष्य नाही म्हणाला की बैल जुंपायचा. तपासायचंच असेल तर मग शिकवलं काय, असं त्याचं म्हणणं. माणूस मोठा होता, पण हट्टी होता आणि रागीटही होता, हे कशाला लपवा?

पल्याडच्या गावचा रायाजी त्याच्याकडे दोन वर्षं शिकत होता. घरी त्याचं बायकोमूल वाट बघत होतं. अगदी शेवटच्या दिवशी त्याच्या चाकाच्या तुंब्याला, म्हणजे मधल्या ठोकळ्याला, केसाएवढी चीर गेली. नवा तुंबा म्हणजे लाकूड वाळायला आणखी चार महिने, वर तुळबाचा राग. रायाजीनं चिरेत डिंक आणि भुसा भरला आणि वरून तेल चोळलं.

"खोट हाय का?" तुळबानं विचारलं.

"न्हाई, बाबा."

मुली गाडीत चढल्या तेव्हा रायाजीनं तोंड उघडलं होतं म्हणे, पण मग तो चाकाच्या शेजारून चालू लागला. गाडी पाण्यात उतरली. त्याच वेळी वर डोंगरात पाऊस कोसळत होता. ऐन मध्यावर तुंबा दुभंगला, चाक विखुरलं आणि गाडी कलंडली. तुळबानं उडी टाकली आणि गाडीचा आस खांद्यावर घेतला.

"रायाजी, पोरींना ने!"

रायाजीनं थोरलीला काठावर नेलं, मग बनाईला नेलं. पाणी तुळबाच्या छातीला लागलं, मग गळ्याला, तरी गाडी तसूभर हलली नाही. बैलसुद्धा खांबासारखे उभे राहिले, असं म्हणतात. धाकटीला उचलताना रायाजीला राहवलं नाही.

"बाबा, खोट होती. मला ठावं होतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमी रागवाल म्हणून."

"मग शिकवण्यात मीच चुकलो रे," तुळबा म्हणाला. "जा. हिला संभाळून ने."

धाकटीचे पाय काठाला लागले आणि वरून पाण्याचा लोंढा आला. तो ओसरला तेव्हा गाडी नव्हती, बैल नव्हते आणि तुळबाही नव्हता. पुढं तीन दिवस नदी काठापासून मागं सरून वाहिली, असं म्हणतात. मी पाहिलं नाही, पण खोटं मानायला माझं मन घेत नाही.

तेराव्यानंतर रायाजी बनाईच्या दारात उभा राहिला. मारा, हाकला, म्हणाला. बनाईनं पदरानं डोळे पुसले आणि त्याच्यापुढं नवऱ्याची हत्यारं ठेवली. "उद्यापासून तू शिकव," ती म्हणाली. "आन् आल्या दिवशी पोरांना पयलं काय सांगायचं, ते तुला ठावं हाय."

रायाजीनं बायकोमूल इकडं आणलं आणि मरेपर्यंत शिकवलं. बनाईच्या दोन्ही मुलींना त्यानं भावाच्या मायेनं सांभाळलं.

आता चाकं कोण करतो? गावात पंपाच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करणारे आहेत, शिंपी आहेत, वेल्डिंगवाले आहेत. पण भाद्रपद वद्य दशमीला, तुळबा गेला त्या तिथीला, सगळे नदीकाठी जमतात आणि आपापलं फसलेलं काम घेऊन येतात. एकेक जण उभा राहतो आणि तुळबाबाचं नाव घेऊन सगळ्यांसमोर सांगतो, इथं माझं चुकलं. कुणी हसत नाही, कुणी रागावत नाही. जो त्यातला जाणता असतो तो जवळ सरकून बसतो आणि म्हणतो, "दाखव बरं."